झडपेतील अस्थी

भागीरथाबाईंनी पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवली होती. रोहितने रिक्षा आणून गल्लीच्या तोंडाशी उभी केली होती. नानाजी मात्र हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून जे बसले, ते उठण्याचे नावच घेईनात.

"बाबा, चला नं," रोहित काकुळतीला आला. "तुमाले दवाखान्यात सोडून मले मिहानले ड्युटीवर जायचं हाये."

"तू जाय गा ड्युटीवर. मी कुठीच येऊन नाय राहिलो."

"डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख देली हाये. रोजरोज भेटते का तारीख?"

"मंग दुसऱ्या कोणाले देऊन दे म्हणा. त्याच्या कामी पडंन."

"अहो, आयकता का?" भागीरथाबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "काल तलावापर्यंत चालले तं दम लागून पायरीवर बसले होते. शेजारची यमुताई धरून घेऊन आली. ते इसरले का?"

"तू चूप बैस वं. माही पोरगी उसवून राहिली नं? मंग चिरफाड कायले?"

भूमिका भिंतीशी उभी होती. वडिलांच्या तोंडचे हे शब्द ऐकून तिला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. कारण त्या हट्टाचे बीज तिच्याच वाणीने पेरले होते.

सक्करदऱ्याच्या तलावामागील त्या गल्लीत एके काळी घरोघरी माग चालत. आता बहुतेकांची मुले वाडीच्या गोदामांत आणि मिहानच्या कंपन्यांत लागली होती. नानाजींचा माग तेवढा उरला होता. त्याच मागाच्या आधाराने त्यांनी मुलीला विज्ञान शिकवले आणि ती शहरातील एका संशोधनसंस्थेत पोहोचली. तिचा विषय कोणी विचारला की नानाजी छाती पुढे काढून सांगत, "हाडाचा अन् हृदयाचा." यापलीकडचे त्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची निकडही कधी पडली नव्हती.

ती निकड यंदा पडली. नानाजींना जिना चढताना धाप लागू लागली, एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तपासणीत दिसले की हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप दगडासारखी कठीण झाली आहे. शल्यचिकित्सक डॉक्टर सुमती मृदू स्वभावाच्या, पण बोलणे स्पष्ट. "झडप बदलावी लागेल," त्या म्हणाल्या. "नानाजी, हे लांबणीवर टाकण्यासारखं नाही."

घरी आल्यावर नानाजींनी मुलीला मागाशी बोलावले आणि विचारले, "भूमिका, डॉक्टरीनबाई म्हणते का झडपेत हाड तयार होऊन राहिलं. काळजात हाड कसं येईन वं?"

नियतीचा योग असा की भूमिकेचे सारे संशोधन याच प्रश्नाभोवती फिरत होते. ती वडिलांशेजारी बसली आणि त्यांच्याच विद्येच्या भाषेत सांगू लागली. गर्भ एका पेशीपासून वाढतो. पुढे तिच्या असंख्य पेशी होतात. प्रत्येक पेशीत सूत, म्हणजे डीएनए, मात्र तेच असते, पुरुषभर लांबीचे. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रात मावावे म्हणून प्रथिनांच्या सूक्ष्म कांड्यांवर गुंडाळलेले असते. सूत आणि कांड्या मिळून जे होते त्याला क्रोमॅटिन म्हणतात. जिथे गुंडाळी घट्ट असते तिथला आदेश पेशीला वाचता येत नाही आणि जिथे सैल असते तिथला वाचता येतो. कांड्या सरकवून कुठे सैल सोडावे आणि कुठे आवळावे, हे काम करणारी निराळी प्रथिने असतात. त्यांच्याच कृपेने एकाच सुतातून कुठे अस्थी घडते, तर कुठे जन्मापासून मरणापर्यंत न थांबणारे हृदय घडते.

"म्हणजे तुमच्या झडपेतल्या काही पेशींमधी," ती म्हणाली, "हाडाचा जो भाग बंद पाहिजे होता, तो उघडला. मंग त्या पेशी सोताले हाडाच्या समजाले लागल्या अन् चुना साचवाले लागल्या."

नानाजींनी हात जोडले. कोणाला जोडले, ते तिला कळले नाही. "एवढ्याशा जागेत एवढा मोठा कारखाना चालू हाये," ते पुटपुटले. "अन् आपल्याले पत्ता नाय."

वडिलांना आपले काम उमगले या हर्षात तिच्या तोंडून आणखी एक वाक्य निसटले. "काही नाय बाबा, वीण चुकली, बस."

बाकीचे सारे बरोबर होते. चुकले ते एवढेच वाक्य.

त्या घरात विणीतील चुकीचा एकच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. आडवा धागा नेणारा धोटा उलटा फिरवायचा, एकेक धागा मागे घ्यायचा, चुकलेल्या जागेपर्यंत उसवायचे आणि पुन्हा विणायचे. मग त्यात आठवडा जावो, डोळे जावोत. चुकलेले लुगडे कात्री लावून मागावरून उतरवणे हे नानाजींच्या लेखी पातक होते. त्यांच्या वडिलांनी ते कधी केले नाही, त्यांनीही केले नाही. त्यातच एकदा भूमिकेला फोनवर सहकारी वेदिकाला सांगताना त्यांनी ऐकले की नव्या औषधाने प्रयोगाच्या बशीतल्या पेशी मऊच राहिल्या. झाले! गल्लीत, यमुताईकडे, चहाच्या टपरीवर नानाजींनी सांगून टाकले की आपली पोरगी झडप उसवून देणार आहे, थोडी कळ काढायची, इतकेच.

त्यामुळे त्या दिवशी रिक्षा रिकामी परत गेली. डॉक्टर सुमतींनी फोनवर शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. "पण भूमिका," त्या म्हणाल्या, "ही झडप फार अरुंद झाली आहे. त्यांना समजाव. हे काम तुलाच करावं लागेल."

तिने समजावून पाहिले. औषध अजून बशीपुरतेच आहे, माणसाला द्यायला कित्येक वर्षे लागतील, असे सांगितले. नानाजी हसले. "तू लहानपणीबी असीच होती. पास झाली तरी म्हणे, नापास होईन." ती रडली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण बेत बदलला नाही. शब्दाने पडलेली गाठ शब्दाने सुटेना.

प्रयोगशाळेत वेदिकाने तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि नेहमीप्रमाणे आधी टोमणा मारला. "वा वा! आम्ही पेपर छापाले तरसून राहिलो अन् तुह्या बाबांनी सगळ्या सक्करदऱ्यात निकाल जाहीरबी करून टाकला."

"वेदिका, मजाक नको करू. त्यांचा जीव जाईन."

वेदिका गंभीर झाली. "मंग आण त्यांले इथं. तू जे सांगून राहिली, ते त्यांनी पाह्यलंच कुठी हाये? सरांले मी विचारते."

दोन दिवसांनी नानाजी धुतलेले धोतर आणि इस्त्रीची टोपी घालून संस्थेत आले. दाराशी त्यांनी वहाणा काढल्या. तशी गरज नाही म्हटले, तरी ऐकले नाही. देवळात शिरावे तसे ते प्रयोगशाळेत शिरले. लिफ्टने येऊनही त्यांना धाप लागली होती. वेदिकाने स्टूल पुढे केले.

भूमिकेने पहिली बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. नानाजींनी डोळा लावला आणि झटकन मागे घेतला.

"हालून राहिलं वं!"

"हृदयाच्या पेशी हायेत बाबा. बशीतच वाढवल्या. आपल्या आपणच धडधडतात."

ते पुन्हा वाकले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. कोणाचे शरीर नाही, छाती नाही, तरी ते इवलेसे जाळे तालात आकसत होते आणि पसरत होते. "कोणासाठी चालून राहिलं हे?" ते कुजबुजले. भूमिकेने दुसरी बशी पुढे सरकवली.

"आता हे पाहा," भूमिका म्हणाली. "ह्या झडपेच्या पेशी. यांच्यात हाडाचा भाग उघडला." दुसऱ्या बशीत नुसत्या डोळ्यांनाही लालभडक ठिपके दिसत होते, कुंकू सांडल्यासारखे.

"हे लाल काहून?"

"आम्ही रंग टाकला. जिथी चुना साचला, तिथीच हा रंग धरते. एलिझरीन म्हणतात त्याले."

नानाजींची मान वर आली. "एलिझरीन? अवं, उमरेडले माहा मामा सूत रंगवे, तवा हाच रंग असे! सुताले आधी तुरटी अन् चुना पाजे, मंग ह्याच्यात उकळे. लुगडं फाटे, पण लाल नाय सुटे."

त्यांनी बशी प्रकाशाकडे धरली. "याच्यात टाकलं का तुहं औषध?"

"टाकलं बाबा. ठिपके पडल्यावर टाकलं, रोज टाकलं. काहीच फरक पडला नाय. अन् ही तिसरी बशी पाहा. इथी चुना साचाच्या आधीच औषध देलं."

तिसरी बशी स्वच्छ होती. लाल कण औषधालाही नव्हता.

नानाजींनी दोन्ही बशा शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांची बोटे टेबलाच्या कडेवरून सरकत राहिली, अदृश्य सुतावरून फिरावीत तशी.

"मंग हे उसवाचं काम नोहे," अखेर ते म्हणाले. "हे तं रंग चढल्यासारखं हाये. चढला तो चढला." आणि एकाएकी ते मुलीवर खेकसले. "मंग तू मले वीण काहून म्हणली वं? पहिलेच रंग म्हणाले तुहं काय जात होतं?"

"चुकलं माहं, बाबा."

"चुकलं म्हणे! मी आठ दिवस गल्लीभर सांगून राहिलो का पोरगी उसवून देते. आता ऑपरेशन केलं तं लोक काय म्हणतीन? नानाजीलेच पोरीच्या कामाचा भरवसा नाय म्हणतीन नं!"

तेव्हा कुठे भूमिकेला त्या हट्टाचा तळ दिसला. शस्त्राचे भय त्यांना नव्हतेच, असे नाही. पण त्याहून मोठे काही होते. आपण देह चिरू दिला, तर आपण लेकीच्या विद्येला खोटे पाडले असे होईल, म्हणून हा मनुष्य दम कोंडून बसला होता.

"पण मंग," नानाजी तिसऱ्या बशीकडे बोट करून हळू आवाजात म्हणाले, "हे कोणासाठी?"

"ज्यांच्या झडपेवर अजून रंग चढला नाय, त्यांच्यासाठी. उद्या औषध झालंच, तं त्यांले चिराची पाळीच येणार नाय."

"आपल्या रोहितले, त्याच्या लेकराईले, असं."

"कोणालेबी."

नानाजींनी टोपी काढली, कपाळ पुसले, पुन्हा घातली. "जी झडप काहाडतीन, ते फेकून देतात का?"

वेदिका पुढे झाली. "नाय काका. तुमची संमती असंन तं आमच्याकडे देतात. तिची कड कधी कधी मऊ राह्यते. तिच्यातून पेशी वाढवता येतात."

"मंग मागावरून कापलं तरी वाया नाय गेलं," नानाजी म्हणाले आणि उठले. "चाल भूमिका. त्या डॉक्टरीनबाईले फोन लाव. अन् तुह्या मायले सांग, पिशवी खाली नको करू म्हणा."

ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. भागीरथाबाई दिवसभर ओठांत नाम घेत बसल्या. रोहितने दर थोड्या वेळाने चहा आणला आणि कोणीही प्यायले नाही. दिवस कलताना डॉक्टर सुमती बाहेर आल्या. मुखावरची पट्टी खाली करून त्या आधी हसल्या आणि मग बोलल्या. भूमिकेने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

काही दिवसांनी नानाजी वॉर्डात उशीला टेकून बसले होते. छातीवर टाके होते, पण श्वास संथ होता, कित्येक महिन्यांत नव्हता इतका. भागीरथाबाई त्यांना चमच्याने वरण भरवत होत्या. "मी सांगतलं होतं नं," हे त्यांचे पालुपद चालूच होते. भूमिका संस्थेतून थेट तिथे आली.

"पोहोचली का माही झडप?"

"पोहोचली असंन."

"असंन म्हणजे? कसी दिसते? मऊ कड निघाली का?"

"मले माहीत नाय, बाबा. नाव पुसून, नुसता आकडा टाकून येते. या महिन्यात पुष्कळ जणांच्या आल्या. साऱ्या एका रांगेत वाढून राहिल्या. त्यातली तुमची कोणती, हे मले कळू नये असा नियमच हाये. नायतं माहा हात तिच्याकडेच झुकंन."

भागीरथाबाईंचा चमचा हवेतच थांबला. एवढे सोसून माणसाने काही दिले आणि त्यावर त्याचे नावही नाही, हे त्यांना रुचले नसावे. नानाजींनी तो चमचा हाताने बाजूला सारला.

"बरा नियम हाये," ते म्हणाले. "मंग आता साऱ्याईलेच नीट पाह्य."

भूमिकेने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर संस्थेत गेली. पेशी वाढवण्याच्या उबदार कपाटाचे दार उघडून तिने पहिली बशी काढली, मग दुसरी, आणि रांग संपेपर्यंत एकीलाही पाहताना घाई केली नाही.