धोत्र्याची फळं

मामाला ते दाखवायला नको होतं, हे भाचीच्या फार उशिरा लक्षात आलं.

ती रक्ताच्या प्रयोगशाळेत कामाला होती. स्कॅन नीट दिसावा म्हणून शिरेतून जे औषध देतात, त्याने रक्तपेशींचं काय होतं ते ती तपासत होती. त्यासाठी रक्त लागे, आणि बस चालवून निवृत्त झालेला मामा हौसेने हात पुढे करी. एकदा म्हणाला, माझं रक्त काय दिवे लावतंय ते दाखव तरी. तिने सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली. गुळगुळीत तांबड्या पेशी औषधाने आक्रसून काटेरी झाल्या होत्या. ‘धोत्र्याची फळंच की,’ म्हणून मामा खूप हसला.

पंधरा दिवसांनी त्याच्या लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरांनी तोच स्कॅन, तेच औषध सांगितलं. मामा अडून बसला. मामीने फोनवर भाचीलाच धारेवर धरलं: खूळ तू भरवलंस, आता तूच काढ.

प्रयोगाच्या नळीतलं औषध फार तीव्र असतं, अंगात ते रक्तात मिसळून पातळ होतं, हे तिने परोपरीने सांगितलं. मामा ढिम्म. शेवटी तिने त्याला प्रयोगशाळेत बोलावलं, रक्त घेतलं, औषध मिसळलं. काटे आले. मग त्याच्याच रक्तातल्या पेशी खाली बसल्यावर वर राहिलेलं पिवळसर पाणी घालून ते पातळ केलं. दोघांनी चहा घेतला. अर्ध्या तासाने मामाने पुन्हा डोळा लावला. पेशी गोल दिसत होत्या.

“सगळ्या?”

हो म्हणून मोकळी हो, असं मामीने बजावलं होतं. भाचीने शंभर पेशी मोजल्या.

“नाही. चार अजून तशाच आहेत.”



“गाडीत काही म्हणजे काहीच बिघाड नाही, असं मेकॅनिक म्हणाला की मी ती डेपोबाहेर काढायचो नाही,” मामा म्हणाला. “स्कॅन कधी आहे?”

आधी मूत्रपिंडांची तपासणी झाली, मग स्कॅन. उजव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ निघाली, पसरलेली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी मामा घरी आला आणि जेवण अळणी आहे म्हणून मामीशी भांडू लागला. मामीने भाचीला फोन करून तेवढंच सांगितलं. त्या चार पेशींबद्दल ती दोघं तिच्याशी कधीच बोलली नाहीत.