अकरा स्क्रूंमागचा अंधार

मार्गशीर्षातली पन्हाळ्यावरची सकाळ. धुकं असं घट्ट, असं दुधाळ, की कोंबड्यांनी अंडी घातली ती जमिनीवर पडलीच नाहीत. हवेतच तरंगत राहिली, आणि उन्हं वर आल्यावर माणसांनी परड्या घेऊन ती अलगद वेचली. खोटं वाटत असेल तर वाटू दे. धुक्याला खऱ्याखोट्याशी काय देणंघेणं.

तटाच्या काळ्या पाषाणांवरून, ओल्या गवताच्या रुपेरी शेंड्यांवरून सरकत सरकत ऊन हैबतराव शितोळ्यांच्या दिवाणखान्यात शिरलं. तिथे भिंतीवर सत्तावीस गिटारी. रक्तवर्णी, मधुवर्णी, मेघवर्णी. सातासमुद्रांपलीकडे जन्मलेल्या, साठ-साठ वर्षांच्या, विजेशी सोयरीक जमलेल्या. मौनात बसलेल्या सत्तावीस वाचाळ बायकाच जणू.

हैबतराव साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. जुनी विजेची गिटार अस्सल की बनावट, हे सांगणारं असं दुसरं नाक त्या मुलखात नव्हतं. नाकच म्हणायचं. लाकडाचा वास घेऊन ते गिटारीचं साल सांगत. एकदा तर मूळ मालकाने वांग्याची भाजी खाऊन गिटार हाती घेतली होती, हेही त्यांनी सांगितलं, आणि चौकशीअंती ते खरं निघालं. मसाल्यात तीळ होते की नाही एवढाच वाद राहिला.

नाक थकलं, की अतिनील किरणांचा जांभळा दिवा. त्या दिव्याखाली जुनं रोगण शिळ्या तुपासारखं हिरवट उजळतं आणि मागाहून फासलेलं रोगण काळं, मुकं, अपराधी राहतं.

सत्तावीस जणींत एक लाडकी: समुद्रहिरवी. भर दुपारच्या उथळ खाडीचा रंग, आणि त्यावर सूक्ष्म, केशसूक्ष्म तड्यांचं जाळं. छातीवर पांढरी तबकडी. तबकडीला अकरा स्क्रू. आणि त्या अकरा स्क्रूंच्या खाचांवर इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही. म्हणजे कारखान्यात मिटलेलं ते पोट पुन्हा कोणी उघडलंच नव्हतं. अशी अक्षत, अस्पर्श गिटार संग्राहकांना स्वप्नातसुद्धा भेटत नाही. हैबतरावांनी वळणदार अक्षरात कार्ड लिहून तिच्या पायाशी ठेवलं होतं: ‘कधीही न उघडलेली. मूळ वादक: अज्ञात.’

कार्डासकट तिचा फोटो पेपरात आला. आणि तो पेपर पिशवीत घालून, कोल्हापूरहून अकराच्या एसटीने, विजयमाला पोतदार गडावर आल्या.

सत्तरी ओलांडलेली, तांब्याच्या तारेसारखी शिडशिडीत बाई. चपला दाराबाहेर काढल्या, सव्वीस गिटारींकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सत्ताविसाव्या गिटारीपुढे उभं राहून म्हणाल्या, ‘‘हिला उघडलीया. मीच उघडलीया.’’

हैबतराव हसले. ‘‘बसा बाई. पाणी घ्या आधी.’’

‘‘पाणी एसटीत प्यालेय. कार्ड बदला.’’

मग त्यांनी सांगितलं, आणि दिवाणखान्यात साठ वर्षांपूर्वीचं कोल्हापूर पाऊल न वाजवता येऊन बसलं. गुजरीतल्या सोनारांच्या पोरांचा ऑर्केस्ट्रा. बाईंच्या मामाने बोटीवरच्या नोकरीतून आणलेली ही गिटार. रंगमंचावर गणपत नावाचा देखणा पोरगा, गळ्यात रंगवलेली लाकडी गिटार घालून नुसती बोटं नाचवणारा. आणि त्याच्या पाठीमागे, जांभळ्या मखमली पडद्याच्या पलीकडे, एका खोक्यावर बसून खरी गिटार वाजवणारी एकोणीस वर्षांची विजयमाला. तिचा सूर असा धारदार, की पहिल्या रांगेतल्या बायकांच्या कानांतल्या कुड्या आपोआप थरथरत. टाळ्या गणपतला. हार गणपतला. वडील गेल्यावर थोरल्या भावाने गिटार परस्पर देऊन टाकली. गणपतला निदान विचारलं, हिला नाही.

‘‘मला गिटार नको,’’ विजयमालाबाई म्हणाल्या. ‘‘ठेवायची कुठं? पण ते अज्ञात तेवढं खोडा. मी मेलेली न्हाई अजून.’’

‘‘पण बाई, खाचा बघा. केसाएवढा ओरखडा नाही. उघडली असती तर दिसलं असतं.’’

‘‘सोनाराची लेक हाय मी. नथीतला मोती न हलवता तार फिरवणारा हात हाय हा. पंप दुरुस्त करणारा वाटला व्हय?’’

‘‘उघडलीत कशाला पण?’’

‘‘खंडेनवमीला. सगळी हत्यारं पुजतात, वाद्यं पुजतात. पोरांनी ड्रमला, पेटीला वरनं हळद लावली. म्हटलं, हिचा आवाज आतनं येतोय. मग पूजा आतच करायला नको? काढली तबकडी, भिजवली हळद, ओढली चार बोटं.’’

केमिस्टच्या अंगावर सरसरून काटा आला. ‘‘विजेच्या यंत्राला ओली हळद?’’

‘‘आठ दिवस खरखरत होती की. नवव्या दिवशी अशी वाजली म्हणता.’’ त्यांनी उजवा हात पुढे केला. करंगळी बाहेरच्या अंगाला वाकलेली. सातव्या वर्षी वडिलांच्या तार ओढायच्या पट्टीत सापडलेली. ‘‘आतली चौथी रेघ अशीच वाकडी हाय. उघडा आन् बघा.’’

आता हैबतरावांच्या छातीत दोन वारे समोरासमोर आले. उघडावी, तर जगातलं एक अक्षतपण त्यांच्याच हातून संपणार. न उघडावी, तर ही बाई दोनच्या एसटीने आपलं नाव पिशवीत घालून परत जाणार. त्यांनी तबकडीच्या कडेला नाक लावलं. लाकूड, गंज, जुनं मेण. आणि मेणाच्याही खाली, फार खाली, काहीतरी. काय ते कळेना. वास ओळखल्यावाचून या माणसाला कधी झोप लागलेली नव्हती.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. थांबले. आणि तो विजयमालाबाईंच्या हातात दिला.

एक स्क्रू. दुसरा. तिसरा. धातूला धातू भिडला तशी म्हातारी बोटं निश्चल झाली. पाच. आठ. अकरा. हैबतरावांनी भिंग लावून खाचा पाहिल्या. एकाही खाचेवर ओरखडा नव्हता. त्यांचे कान लाल झाले.

तबकडी उचलली. आत धूळ, तारा, तांब्याची वेटोळी, आणि लाकूड: मातकट, मळकट, कुठलाही रंग न सांगणारं. हळद कुठेच नव्हती. विजयमालाबाईंचा चेहरा विझल्यासारखा झाला.

‘‘थांबा,’’ हैबतराव म्हणाले.

खिडक्या सात, आणि दुपार पांढरीशुभ्र. म्हणून त्यांनी कोपऱ्यातली काळी घोंगडी ओढली, आणि दोन म्हातारी माणसं गिटारीवर ओणवून तिच्याखाली शिरली. जांभळा दिवा लागला.

आणि त्या लोकरगंधी, उबदार काळोखात सोनं उगवलं. चार रेघा. पिवळ्याधमक, तेजाळ, जित्या. इतकी वर्षं उजेड न लागलेली हळद आता स्वतःच उजेड झाली होती. पहिली सरळ, दुसरी सरळ, तिसरी सरळ. आणि चौथी, नदीने अचानक वळण घ्यावं तशी, बाहेरच्या अंगाला वाकलेली.

विजयमालाबाईंनी आपली करंगळी त्या रेघेशेजारी धरली.

‘‘वांग्याची भाजी कळली म्हणं तुम्हाला,’’ काळोखातून विजयमालाबाईंचा आवाज आला. ‘‘पेपरात होतं. हळद न्हाई कळली व्हय?’’

‘‘कळली होती,’’ हैबतराव म्हणाले. ‘‘ओळखू आली नाही.’’

बाहेर आल्यावर त्यांनी टोकदार पेन्सिल पुढे केली. गिटार घडवणारे कारागीर लाकडाच्या पोटात सही करतात, तशी बाईंनी हळदीशेजारी करावी, मग तबकडी लावू, असं म्हणाले.

विजयमालाबाईंनी मान हलवली. ‘‘आत नको. पडद्याआड लई बसले. वर लिहा.’’

हैबतरावांनी जुनं कार्ड उभं फाडलं. कोरं कार्ड घेतलं, टाक दौतीत बुडवला, आणि आयुष्यात कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलं नव्हतं इतक्या सावकाश लिहिलं: ‘उघडलेली. वादक: विजयमाला पोतदार.’

शाई ओली होती, काळीभोर, फुगीर. विजयमालाबाई तिच्यावर वाकल्या. सोनार फुंकणीतून ज्योतीवर घालतात तशी बारीक, सलग, जपून फुंकर त्यांनी घातली. आणि त्या फुंकरीखाली वि वाळलं, ज वाळलं, य वाळलं, मग मा, आणि मग, हळूच, ला.