झेंडूच्या फुलांत आत्या

शी! आमच्या गल्लीला संत्र्याच्या फुलांचा वास येत होता.

कोपऱ्यावर वळल्या वळल्या तो नाकात शिरला आणि मला मळमळलंच. नालबंदांच्या गल्लीला कुठल्या जन्मी फुलांचा वास आला होता? तिला वास यायचा तो तोमासाबाईच्या कोंबड्यांचा. तोमासाबाई सकाळी उकळत्या पाण्यात कोंबड्या बुचकळून पिसं उपटायची आणि ते पाणी पिसांसकट, रक्तासकट सरळ फरशीवर ओतून द्यायची. ते वाहत वाहत आमच्या दुकानाच्या पायरीशी यायचं. मग माझी चेन्चा आत्या खराटा घेऊन बाहेर पडायची. त्या दोघी एकमेकींना जे काही सुनवायच्या ते ऐकूनच मी बोलायला शिकले, असं बाबा सांगतात. पलीकडे बूट शिवणारा अबुन्दियो. तोंडात खिळे धरलेले, मधूनच पिचकारी, आणि त्याच्या सोल्युशनचा डोकं गरगरवणारा दर्प.

आणि कोपऱ्यावर आमचं दुकान, 'देवाची कृपा'. तिथे डुकराच्या कातडीच्या लोणच्याची ही मोठी बरणी असायची. आत्या कोपरापर्यंत हात घालून त्यातला तुकडा काढायची आणि हात ॲप्रनला पुसून त्याच हाताने पाव द्यायची. घेवड्याच्या पोत्यात आमचा बोका झोपायचा. त्याचं नाव जनरल. गिऱ्हाइकाने घेवड्यातला केस दाखवला की आत्या म्हणायची, "माझा नाही, जनरलचा आहे." जणू काही त्याने घेवडा शुद्ध होतो!

घाण होती, मान्य. पण प्रत्येक घाणीला एक नाव होतं, आणि त्या नावाने हाक मारली की कुठल्या तरी खिडकीतून ओ यायची.

मी आठ वर्षांची असताना मालकाने आख्खी इमारत विकली. एके सकाळी पोलीस आले आणि दुपारपर्यंत आमच्या गाद्या, बरण्या, वजनकाटा सगळं रस्त्यावर. आम्ही मेक्सिको शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इस्तापालापाला गेलो. बाकीचे ज्याला जिथे जमलं तिथे. आता त्या इमारतीत हॉटेल आहे. त्या हॉटेलने मृतांच्या दिवशी, म्हणजे दोन नोव्हेंबरला, जुन्या रहिवाशांना बोलावलं होतं. कार्यक्रमाचं नाव 'गल्लीच्या आठवणी'. गरम चॉकलेट फुकट.

मी त्यात निबंध वाचणार होते. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझं तोंड बंद करणं कुणालाच जमलेलं नाही, त्यामुळे बाईंनी माझंच नाव पाठवलं. हॉटेलवाल्यांनी माझा निबंध 'थोडा नीटनेटका करून' परत धाडला. कोंबड्यांचं पाणी गायब. जनरल गायब. बरणी गायब. आणि त्या जागी काय, तर 'ताज्या भाकरीचा दरवळ'! अहो, आमच्या गल्लीत भाकऱ्यांचं दुकानच नव्हतं. भाकऱ्या आणायला मला दोन चौक पलीकडे पिटाळायचे.

तरीही मी गेले, ते आत्यासाठी. सोमवारी तिचं पित्ताशय काढायचं होतं. याआधी दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा तिने मोडली. एकदा घरात मरणाची वर्दी देणारं काळं फुलपाखरू शिरलं म्हणून, एकदा वारलेली आजी स्वप्नात येऊन 'चल' म्हणाली म्हणून. गेल्या महिन्यात ती हळदीसारखी पिवळी पडली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आता पुढे ढकललंत तर माझ्याकडे येऊ नका, पाद्रीबाबांकडे जा." निघताना बाबांनी मला दारात धरलं. "लाली, सोमवारपर्यंत तिच्या कानावर काही अभद्र पडू द्यायचं नाही. तिला खूश ठेव."

आत्या चर्चला घालायचे बूट घालून निघाली होती. पिशवीत झाकणाची बरणी.

"हे काय घेतलंस?"

"लोणचं. कुणी ना कुणी भेटेलच ओळखीचं. हात हलवत कशी जाऊ?"

ओळखीचं कुणीच नव्हतं. सगळी गुळगुळीत माणसं, हातात छोटे छोटे पेले. दुकानातला आमचा लांबलचक लाकडी गल्ला मात्र जागच्या जागी होता! घासून, चकचकीत करून त्याचं स्वागताचं टेबल केलं होतं. आत्याने वरून हात फिरवला आणि नाक मुरडलं. मग तिने तो हात खालून फिरवला आणि तिचा चेहरा उजळला.

"लाली, इकडे ये. हात लाव."

मी हात लावला. ई! खाली अजून आमच्या वेळचे च्युइंगगमचे गोळे होते, खड्यांसारखे कडक झालेले.

"यातले निम्मे तुझे आहेत, गधडे," आत्या खुशीत म्हणाली. "वरून पॉलिश मारलंय, खाली बघायला कुणी वाकलं नाही."

चला, खूश तर झाली, असं म्हणून मी आत डोकावले. अंगणात मृतांची वेदी मांडली होती, त्या दिवशी जेवायला परत येणाऱ्या आत्म्यांसाठी मांडतात ती. तीन पायऱ्या, झेंडूच्या फुलांच्या राशी, मेणबत्त्या, मीठ, पाणी, साखर लावलेले पाव. सगळं एका मापाचं, एका रंगाचं, मासिकातल्या फोटोसारखं. मधोमध पाटी: 'इथली माणसं साधी होती.' आणि पाटीखाली चार चौकटी. अबुन्दियो. गल्लीत सुऱ्यांना धार लावणारा एलेउतेरियो. तोमासाबाई, हातात कोंबडी.

आणि माझी आत्या. गल्ल्यामागे उभी, कोपरापर्यंत हात बरणीत. भोवती झेंडूचा हार.

आमच्यात जिवंत माणसाचा फोटो त्या वेदीवर चुकूनही कुणी ठेवत नाही. पाच वर्षांच्या पोराला हे कळतं. ते म्हणजे मरणाला पत्ता लिहून देणं. आणि इथे तर पत्ता लिहून वर मेणबत्तीही लावली होती!

मी धावत जाऊन वेदीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले, चौकात वाहतूक अडवतात तशी.

हॉटेलच्या रेनाता मॅडम हसत हसत आल्या. "सित्लाली, किती सुंदर आहे ना? मी समजू शकते, भावना दाटून येतात."

"मॅडम, तो फोटो काढा. आत्ताच्या आत्ता. ती माझी आत्या आहे."

"अरेरे. फार वाईट वाटलं."

"वाईट कसलं वाटून घेताय! ती जिवंत आहे! बाहेर गल्ल्यापाशी उभी आहे!"

मॅडमचं हसू जरासं तिरकं झालं, पडलं नाही. "हे प्रतीकात्मक आहे गं. हरवलेल्या गल्लीला वाहिलेलं. फोटो आम्ही एका संग्रहातून रीतसर विकत घेतलेत. आणि एक काढला तर मांडणी बिघडेल, फोटोग्राफर येतोच आहे..."

मांडणी बिघडेल! मला त्या बाईच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर ओकावंसं वाटलं.

"लाली, पंख कशाला पसरलेस?" मागून आत्या म्हणाली.

"काही नाही. आत्या, चॉकलेट संपतंय, तू पुढे हो..."

तिने माझा डावा हात बाजूला सारला, गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढायची तसा. आणि ती बघतच राहिली. तिने छातीवर क्रूस काढला. तिचा चेहरा पुन्हा तसाच पिवळा दिसायला लागला.

"झालं," ती हळूच म्हणाली. "सोमवार रद्द. सांग तुझ्या बापाला."

"आत्या, ही चूक आहे यांची, मूर्ख आहेत..."

ती ऐकत नव्हती. तिची नजर शेजारच्या चौकटीवर गेली होती. "तोमासा?" तिचा आवाज फाटला. "तोमासा गेली? कधी? मला कुणी कळवलंसुद्धा नाही?" आणि माझ्या आत्याच्या, जिने त्या बाईवर रोज खराटा उगारला त्या आत्याच्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "शेवटचं काय बोलले मी तिला? डुकरीण म्हटलं. गाद्या रस्त्यावर होत्या, आणि मी तिला डुकरीण म्हटलं."

"अगं, ती मेलेली नाही!" मी ओरडलेच. "बाबांना परवा बाजारात भेटली. अजून वजनात मारते. आणि एलेउतेरियोकाका लेकीकडे आहेत, पुएब्लाला. त्यांच्या नातवाच्या बारशाचे फोटो नाही का आले?"

आत्याने नाक पुसलं. एकेका चौकटीकडे बोट नेत ती पुटपुटली. "जिवंत. जिवंत. मी. हा अबुन्दियो तेवढा खरा गेलेला." मग ती रेनाता मॅडमकडे वळली. हा चेहरा मी ओळखत होते. खोटी नोट आली की हा चेहरा यायचा.

"पोरी, हे मेले असं तुला कुणी सांगितलं?"

"नाही म्हणजे... इथे कुणी राहत नव्हतं, मॅडम. आम्हाला वाटलं..."

"हाकललं म्हणजे मेले?"

आत्याने वेदीवरची आपल्यापुढची बशी उचलून नाकाशी नेली. "हे काय?"

"चॉकलेटमधले टोळ. पारंपरिक..."

"मेल्यावर मला टोळ! उभ्या जन्मात मी टोळ खाल्ला नाही. शी!" तिने बशी मॅडमच्या हातात दिली. मग स्वतःची चौकट उचलली, मागची पट्टी काढली, फोटो पिशवीत घातला. मग तोमासाबाई. मग एलेउतेरियो.

"अहो, त्या फ्रेम हॉटेलच्या मालकीच्या आहेत!"

"ठेव की तुझ्या फ्रेम. आम्ही काय त्यांत राहायला आलो होतो?"

वेदीवर तीन रिकाम्या चौकटी आणि एकटा अबुन्दियो उरला. आत्याने त्याच्यापुढचे टोळही हटवले. बरणीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि थबथबणारा कातडीचा तुकडा काढून त्या पांढऱ्याशुभ्र कापडावर ठेवला. पिवळा ओघळ पायरीपायरीने खाली उतरला. व्हिनेगरचा वास संत्र्याच्या फुलांना चिरडत अंगणभर पसरला. रेनाता मॅडमनी नाकाला रुमाल लावला. पहिल्यांदाच त्यांना कशाची तरी किळस आली होती, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"खा रे, बाबा," आत्या फोटोला म्हणाली. "तू तरी भूक घेऊन आला असशील."

मला वाचायचं होतं ना? मी माईकपाशी गेले. त्यांचा नीटनेटका कागद घडी करून गल्ल्याखाली चिकटवावासा वाटला, पण ताजं च्युइंगगम नव्हतं. म्हणून पाठच म्हटलं. "नालबंदांच्या गल्लीला कोंबडीच्या रक्ताचा वास यायचा. तो करणाऱ्या बाई आजही वजनात मारतात. पत्ता हवा असेल तर विचारा. आजवर कुणी विचारलेला नाही." मागे कुणीतरी टाळी वाजवायला लागलं आणि मध्येच थांबलं.

मेट्रोच्या पायऱ्यांवर आत्या बसली. तिला धाप लागली होती. मी घाबरून बघत होते. ती सोमवारचं काय म्हणते, हे विचारायची हिंमत माझ्यासारखीलाही होईना.

"बापाला फोन कर. तोमासाचा नंबर घे."

नंबर मिळाला. पलीकडून असा काही आवाज आला, की मला स्पीकर लावायची गरजच पडली नाही.

"कोण बोलतंय?"

"चेन्चा. तू मेलीस, म्हणून फोन केला."

"मी मेले? तू मेलीस, भवाने!"

"दोघीही मेलोय. फोटो लावलेत आपले. तुझा हातात कोंबडी घेतलेला आहे, बरा आलाय." आत्याने पिशवीत डोकावून बघितलं. "माझा आणलाय काढून. तुझाही. घेऊन जा घरी येऊन."

मग तोमासाबाई म्हणाली, "कधी येऊ?"

"सोमवारी नको, सोमवारी माझं पित्ताशय काढतायत. मंगळवारी दवाखान्यात ये. कोंबडीचं सूप आण." आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "आणि ऐक, कोंबडी धुतलेलं पाणी दवाखान्याच्या पायरीवर ओतू नकोस, डुकरिणी."