देवीच्या तलवारीची धार

चैत्र सरत आला होता. जव्हारच्या डोंगरांवर रक्तवर्णी पहाट फुटली आणि ससाण्याने झेप घालून तित्तिर उचलला. चार पिसं गवतावर उतरली. पांगाऱ्याच्या खोडात भुंगेरे शिरले होते, भुंगेऱ्यांवर सुतार पक्षी तुटून पडला होता. भूक भुकेला खात होती, आणि रान मात्र निर्लज्जपणे फुलत होतं.

तसल्याच पांगाऱ्याचे मुखवटे चढवून खाली पाड्यावर देवादिकांच्या सोंगांचा बोहाडा रंगला होता. शेवटचं सोंग देवीचं आणि महिषासुराचं. ज्या घरचा मुखवटा, त्याच घराने तो नाचवायचा. देवी नाचवायचा नवसूचा थोरला भाऊ. पण माघात तो आणि काकड्या शिकारीला गेले असताना, करवंदीच्या जाळीत डुक्कर हललं असं समजून काकड्याने बाण सोडला, आणि जाळीतून माणसाची किंकाळी आली. आता देवी नवसूकडे आली होती. महिषासुर काकड्याच्याच घरचा.

देवीची तलवार बोथट असते. नवसूने ती दगडावर घासली होती. त्याला काकड्या मेलेला हवा होता, बस्स.

सांबळ कडाडलं. धूळ उठली, शिंगं उसळली, तलवार तळपली, पुन्हा तळपली. महिषासुराच्या दंडावरून लाल धार ओघळली. लोकांना तो रंग वाटला, ते आनंदाने ओरडले. काकड्याला मात्र सारं कळलं. त्याने हातातली गदा टाकली, गुडघे टेकले, मान वाकवली.

महिषासुराच्या मुखवट्याआडून आवाज आला, "घाल. मी हलनार नाय."

तलवार वर गेली.

मुखवटा चढल्यावर माणसाचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर देव अंगातून उतरतो, वर्षभर पाड्यावर कोप राहतो. ते ठाऊक असूनही गर्दी फाडून वणशी धावली, नवसूची आई.

"नवसू! एक गेला रं, आता तू बी नको जाऊ!"

सांबळ थांबलं. देवीचा हात माणसाचा झाला, वळला. घाव शिंगावर बसला आणि मुखवटा उभा चिरला. आत काकड्या घामाने, अश्रूंनी भिजलेला. तरी त्याची मान खालीच, दुसऱ्या घावासाठी थांबलेली.

वणशीने त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या ताकदीने, पुन्हा मारली. मग तोच तापलेला गाल दोन्ही हातांत धरून, माघापासून कोरड्या राहिलेल्या डोळ्यांनी, ती आई धाय मोकलून रडली.