काळी पाच

तरुणपणी गाण्याच्या बाईंचा आवाज पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला, म्हणजे काळी पाचला होता. वयाबरोबर तो काळी चारवर उतरला, तसा त्यांचा अख्खा वर्गही मुकाट्याने खाली उतरला. गुरूची पट्टी तीच शिष्येची, हा तिथला कायदा. अकराजणी विहिरीत तोंड घालून बोलावं तशा गायच्या आणि घरी जाऊन मिठाच्या गुळण्या करायच्या.

चिमणीनेही सात वर्षं हेच केलं. नाव बाईंनीच ठेवलेलं, उंच आवाजावरून. त्या पट्टीत खालचा पंचम आला की तिच्या गळ्यातून नुसती हवा यायची. पहिली बैठक ठरली तेव्हा तिने विचारलं, "बाई, मी काळी पाचमध्ये गाऊ?"

"गा की. आणि दुसऱ्या दिवसापासून माझा जिना चढू नकोस."

"पण माझ्या वयात तुम्हीसुद्धा..."

"माझं वय काढण्याइतकी मोठी झालीस का गं?"

बैठकीला बाई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर. मंचावर चिमणीच्या मागे थोरली, म्हणजे सगळ्यांत जुनी शिष्या, बाईंचाच तंबोरा जुळवून बसलेली. अर्थात काळी चारला. चिमणी मागे वळली आणि खुंट्या पिळून तारा चढवायला लागली.

"अगं बये, बाई मला जितं ठेवतील का?" थोरली कुजबुजली.

"काका, काळी पाच," चिमणीने तबलजीला सांगितलं. त्याने बाईंकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि कुणाच्या भांडणात न पडणाऱ्या माणसाच्या तत्परतेने तबला चढवायला हातोडी उचलली.

ठोकठोक संपेपर्यंत बाई उभ्या राहिल्या होत्या. "थोरले, चल. तंबोरा माझा आहे."

थोरली उठली. तंबोरा उराशी धरून, खाली मान घालून बाईंच्या मागे निघाली. लोकांत चुळबुळ सुरू झाली. दोघांनी तर चपला शोधायलाही घेतल्या.

चिमणीची सात वर्षांची तालीम डोळ्यांदेखत दाराकडे चालली होती.

"आता गं?" तबलजीने विचारलं.

"आता काय? तबला माझ्या षड्जाला लागलाय ना? वाजवत राहा. सूर मी धरते."

तिने थेट खालच्या पंचमावर उडी घेतली. हवा नाही, सूर आला. भरदार, जागच्या जागी. दाराशी थोरलीचं पाऊल अडखळलं. बाईंचं नाही.

दार लागेपर्यंत चिमणीने तो सूर सोडला नाही. मग श्वास घेतला आणि बंदिशीला हात घातला.