क्रूसापर्यंत जाऊन ये

"भावजी, दार उघडा! आत लेथ चाललाय, मला ऐकू येतंय. झोपलो होतो असली थाप मारू नका!"

एमेतेरियोने घाईघाईने लेथ बंद केला, हातातलं माप घ्यायचं व्हर्नियर फडक्याखाली सरकवलं आणि मगच कडी काढली. दारात त्याची वहिनी उभी होती, ब्रिहिदा. काखेत थंड पाण्याचा थर्मास, हातात तेरेरेचा, म्हणजे थंड पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या चहाचा, पेला आणि कपाळावर आठी.

"भर दुपारी कोण काम करतं हो? अख्खं पासो कारांदा गाव घोरतंय. कुत्रीसुद्धा."

"तुझ्याच गाडीचं काम आहे, वहिनी. एक चिपा झाली, दुसरी चालू आहे."

चिपा म्हणजे खरी तर मांदियोका कंदाच्या पिठाची, चीज घातलेली कडकडीत भाजलेली रोटी. आमच्याकडे ती बांगडीसारखी गोल करतात. पण एमेतेरियो ट्रकचा हब आणि चाक यांच्या मधे बसवायची जी जाड लोखंडी कडी करायचा, तिलाही गावाने चिपाच म्हणायचं ठरवलं होतं. शहरातले लोक तिला स्पेसर म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

ब्रिहिदाने पेला भरून त्याच्यापुढे धरला. एमेतेरियोचा हात पेल्याच्या जरा डावीकडे गेला, मग सावरून पेल्यावर आला. तिने ते पाहिलं.

"सोमवारपर्यंत होतील ना?" तिने विचारलं. "परवा पुलावर मागचं चाक अर्धं फळीवरून उतरलं. मागे दुधाचे कॅन होते, त्याचं काही नाही. पण तिघी बायका बसल्या होत्या, आणि एस्ताकियाची नात. एस्ताकिया अजून माझ्याशी बोलत नाही."

"शनिवारीच देतो."

दुखणं असं होतं. इसाबेलिनो, म्हणजे ब्रिहिदाचा नवरा आणि एमेतेरियोचा थोरला भाऊ, सहा वर्षांपूर्वी गेला आणि त्याचा म्हातारा ट्रक तिच्या गळ्यात पडला. रडत बसण्यापेक्षा ती स्टिअरिंगवर बसली. रोज पहाटे बारा घरांचं दूध गोळा करून ओढ्यापलीकडच्या चीजवाल्याकडे पोचवायची, जाताना दवाखान्याला निघालेल्यांना मागे घ्यायची. यंदा ट्रकचा मागचा एक्सल तुटला. भंगारातून दुसरा मिळाला, तो भलत्याच गाडीचा. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आखूड. पुढची चाकं एका रेघेत, मागची आतल्या रेघेत. चिखलात दोनाच्या जागी चार चाकोऱ्या उमटायच्या आणि गाडी कुत्र्यासारखी तिरकी चालायची. "ब्रिहिदाचा ट्रक दारू पिऊन आला," असं लोक म्हणायचे. ते चालून गेलं असतं. पण ओढ्यावरच्या पुलाला चाकांसाठी फक्त दोन फळ्या होत्या. मधे काही नाही, खाली पाणी. पुढची चाकं फळीवर असली की मागची आतल्या कडेला लटकायची.

उपाय एकच, चिपा. चार बोटं जाडीच्या दोन कड्या मागच्या हबवर बसवायच्या, त्यावर चाकं. की पुढचं-मागचं सारखं.

ब्रिहिदा गेल्यावर एमेतेरियोने कडी लावली आणि व्हर्नियर बाहेर काढलं. ते नाकाशी नेलं, मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून रेघा शोधू लागला. दीड वर्ष झालं होतं. बघायला जावं तिथेच नेमका करडा डाग. माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, तोंड दिसत नसे. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, हा मोतीबिंदू नाही मिस्त्री, कापून निघायचा नाही. परत येताना बसमध्ये तो ढसाढसा रडला होता, आणि उतरल्यावर कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. रस्ते पाठ होते, माणसं आवाजावरून कळत. फक्त बारीक मापाची कामं तो दुपारी गाव झोपल्यावर करी. व्हर्नियर नाकाला लावलेलं कुणाला दिसू नये, एवढ्यासाठी.

ती रेघ तीनची होती की चारची? त्याने चारची धरली.

शनिवारी सकाळी दुकानापुढे ट्रक उभा राहिला, तेव्हा बघायला अर्धा डझन माणसं जमली. समोरचा न्हावी आर्सेनियो तर गिऱ्हाइकाला साबण लावलेलं तसंच खुर्चीत सोडून आला.

डावी चिपा हबवर ठेवली. ती जाईना, लाकडी हातोड्याने टप टप टप सहा ठोके घातल्यावर बसली. असंच हवं. मग उजवी ठेवली. ती सुळकन आत गेली.

एमेतेरियोचे हात जागच्या जागी थांबले. भोक मोठं झालं होतं. केसभरच, पण मोठं. डोळे फसले तरी त्या हातांना चाळीस वर्षांत कुणी फसवलं नव्हतं. हबवर घट्ट न बसलेली कडी मधोमध राहत नाही, चाक डगडगतं, सगळा भार नटबोल्टवर येतो आणि एक दिवस ते तुटतात. हे सगळं त्याला ठाऊक होतं.

"उजवी कशी लोण्यासारखी गेली बघा!" आर्सेनियो म्हणाला. "हात आहे का जादू?"

लोक हसले. कुणीतरी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्या एका क्षणात "थांबा, ही चुकली" म्हणायचं होतं, आणि तेच त्याच्याकडून झालं नाही. त्याने नट आवळले. गाडी परत आली की चाक खडखडून बोलेल, मग काहीतरी निमित्त काढून उतरवू, असं स्वतःला समजावलं.

"हं. क्रूसापर्यंत जाऊन ये," तो म्हणाला.

हा त्याचा जुना नियम. चिपा बसवलेली गाडी लगेच कामाला लावायची नाही. तीन किलोमीटरवर, पुलाच्या अलीकडे, कापडाच्या पट्ट्या बांधलेला लाकडी क्रूस आहे. तिथवर रिकामी गाडी न्यायची, वळवायची, परत आणायची. तेवढ्यात लोखंड लोखंडाला ओळखतं आणि नट सैल पडतात, ते तो दुसऱ्यांदा आवळायचा. गावाला हा नियम इतका आवडला की तो सगळ्यालाच लागू झाला. नवं लग्न झालं की म्हातारे विचारायचे, "क्रूसापर्यंत जाऊन आली का जोडी?"

ब्रिहिदा निघाली. ट्रकचा आवाज कोपऱ्यावर वळला आणि एमेतेरियो फाटकाशी उभा राहिला. जायला-यायला पाऊण तास. पाऊण तास झाला. तास झाला. ही बाई पूल ओलांडून गेली की काय? चीजवाल्याकडे रिकामे कॅन राहिलेत, ते घेऊन येते, असं काहीतरी म्हणत नव्हती का ती?

"आर्सेनियो! मोटरसायकल काढ!"

"अरे, गिऱ्हाईक आहे. एकच गाल झालाय."

"मरू दे तो गाल! काढ म्हणतो ना!"

मांडीवर लांब पाना धरून तो मागे बसला. वाटभर देवाला सांगत होता की माझे डोळे ने, उरलेलेही ने, पण तिला त्या फळीवर नको नेऊस.

क्रूसापाशी ट्रक उभा होता. उजव्या चाकाखाली जॅक लावलेला. ब्रिहिदा पायरीवर बसून तेरेरे पीत होती.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलंच, याल. उजवं चाक बडबडायला लागलं, मग म्हटलं इथंच बसावं. तुमच्या भावाने शिकवलंय मला, चाक बोललं की आपण गप्प बसायचं आणि गाडी थांबवायची."

एमेतेरियो चिखलातच खाली बसला.

"नट सैल झाले असतील, मिस्त्री," आर्सेनियो म्हणाला. "आवळ आणि चल."

आताही तेवढंच करता आलं असतं. नट आवळायचे, उद्या गुपचूप उतरवायची. पण ब्रिहिदाच्या थर्मासमधला बर्फ वाजला, आणि ती जिवंत आहे, पायरीवर बसून पाणी ओततेय, हे त्याला इतकं मोठं वाटलं की लाज त्यापुढे काहीच राहिली नाही.

"नट नाही. चिपा चुकली," तो म्हणाला. "बसवतानाच कळलं होतं मला, आणि तरी मी तुला जाऊ दिलं, वहिनी. मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. व्हर्नियरच्या रेघा दिसत नाहीत, तुझं तोंडसुद्धा दिसत नाही."



"तरीच!" आर्सेनियो म्हणाला. "तरीच वर्षभर तू माझ्या हजामतीबद्दल एकदाही कुरकुर केली नाहीस. मला वाटलं, माझा हात सुधारला." त्याने नाक शिंकरलं आणि उगाचच मोटरसायकल पुसू लागला.

ब्रिहिदा उठून एमेतेरियोपुढे बसली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "ईस्टरला तुम्ही मला एस्ताकिया समजून नमस्कार केलात. तिचा शेंदरी झगा मी घातला होता ना. एवढी का मी जाडी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. पण आज रागवायला हवंय मला तुमच्यावर. माझ्या जिवावर खेळलात, भावजी."

"हो."

"पुन्हा असं करू नका."

"नाही करणार." त्याचे डोळे वाहत होते, ते त्याने पुसले नाहीत. तिनेच पदरासारखं झग्याचं टोक धरून पुसले.

उजवी चिपा तिथेच उतरवली आणि गाडी हळूहळू, त्या बाजूने आखूडच घरी नेली. मोठं झालेलं भोक लहान होत नाही. लोखंड कापता येतं, परत चिकटवता येत नाही. रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर, त्याने नवा तुकडा लेथवर चढवला. भर सकाळी, दोन्ही दारं सताड उघडी टाकून. ब्रिहिदा शेजारी स्टुलावर.

"वाचता येईल तुला?"

"बारा घरांच्या दुधाच्या मापकाठ्या रोज कोण वाचतं? आणा इकडे."

व्हर्नियर देताना त्याची बोटं ते सोडेनात. चाळीस वर्षांत ते दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नव्हतं. तिने ओढलं नाही, नुसता हात पुढे धरून ठेवला. मग त्याने सोडलं.

"मोठी रेघ एकशे सहावर. पुढे बारीक दोन."

"बारीक नीट बघ."

"बघितल्या. दोन म्हणजे दोन. मी एस्ताकिया नाही."

तो हसला आणि हत्यार पुढे घेतलं. ती वाचत गेली, तो कापत गेला. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. आर्सेनियोने सगळ्यांना सांगितलं असणारच. पण कुणी आत येऊन सांत्वन केलं नाही. एकाने फक्त दारात सोलून उकडलेल्या मांदियोकाच्या कंदांची परात ठेवली आणि तो निघून गेला.

नवी चिपा हबवर जाईना. टप टप टप. सात ठोके.

क्रूसापर्यंत गाडी गेली, परत आली. नट दुसऱ्यांदा आवळले. सोमवारी पहाटे दुधाचे कॅन आणि एस्ताकियाची नात मागे घेऊन ब्रिहिदा निघाली, तेव्हा एमेतेरियो तिच्या शेजारी बसला होता. पुलाशी त्याने गाडी थांबवायला लावली आणि उतरला.

"अहो, बसा की आत! आता कशाला उतरताय?"

"तू जा पुढं. मला बघायचंय."

बघायचंय, असंच म्हणाला तो. ट्रक फळ्यांवर चढला. लाकूड करकरलं, कॅन खणखणले आणि गाडी पलीकडे जाऊन थांबली. मग तो फळीपाशी गुडघ्यावर बसला आणि तळहात लाकडावर ठेवला. बाहेरच्या कडेला कोरडं. मधे चिखलाचा ओला पट्टा. त्याच्या आत पुन्हा कोरडं, पार काठापर्यंत. त्याने हात हळूहळू पुढे सरकवला, वीतभर, मग आणखी वीतभर.

"काय झालं, भावजी?" पलीकडून ब्रिहिदाने हाक मारली.

"काही नाही," तो म्हणाला. "एकच चाकोरी आहे."