सौम्य आचेवरचा प्रसाद

तळघरात पहिली उलटी झाली तेव्हा टाळ थांबले नाहीत, उलट चढले.

कांचनकाकू तोंडाला पदर लावून बादलीकडे धावल्या. त्यांच्यामागे एक नामांकित सर्जन, त्यांच्यामागे अणुभट्ट्यांची गणितं मांडणारा इंजिनिअर. बादल्या आधीच भिंतीकडेने मांडून ठेवल्या होत्या. आणि मखमली गादीवर बसलेले सौम्यानंद महाराज डोळे मिटून मंद हसत होते.

"येऊ द्या, येऊ द्या! जन्मोजन्मीचं साचलंय. बादलीला काय लाजायचं?"

छताखालच्या अरुंद खिडकीबाहेर शिकागोच्या उपनगरातला मळकट बर्फ साचला होता. १९८४चा तो हिवाळा जणू कुणाची तरी वाट पाहत थांबला होता.

चमत्कार साधा होता. प्रसाद म्हणजे राजम्याची उसळ. अमेरिकेतल्या घराघरात असतं ते विजेवरचं मातीचं भांडं, स्लो कुकर, त्यात ती रात्रभर मंद आचेवर ठेवायची. प्रेशर कुकरला सक्त मनाई. "शिट्टी म्हणजे अन्नाची किंकाळी!" महाराज सांगत. "ती ऐकली की देवता उठून जाते. मग तुमच्या पोटात काय उरतं? नुसतं प्रोटीन!" डॉक्टर मंडळीही यावर मान डोलावत. दुपारी प्रसाद, मग भजन, आणि भजन रंगात आलं की एकेकाचं पाप बाहेर. संध्याकाळी माणसं पांढरीफटक, हलकी आणि कायमची भक्त होऊन घरी जात. महाराज सर्वांदेखत चांदीच्या वाटीतून उसळ खात. त्यांना मात्र काही होत नसे. "आत असेल तर बाहेर येईल ना!"

उत्तराही त्या दिवशी बादलीवर ओणवी झाली होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बाई. आपल्यालाही उलटी का झाली, याचं तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते नसलेलं उत्तर तिच्या गाडीत मागच्या सीटवर बसून घरापर्यंत आलं.

सोबत रेखा होती, तिच्या शेजारच्या घरात राहणारी मैत्रीण. "पुढच्या रविवारी आमच्याकडे भजन ठेवलंय," रेखा म्हणाली. "दीपासाठी."

उत्तराने ब्रेकवर पाय ठेवला. रेखाची मुलगी दीपा दहा वर्षांची होती, आणि इन्सुलिनवर जगत होती.

"काय करणार आहेत ते दीपाला?"

"प्रसाद देणार. एकदा आतलं सगळं निघालं की सुई बंद. इन्सुलिनच्या बाटल्या महाराज स्वतः मिशिगन सरोवरात विसर्जन करणार आहेत."

"रेखा, सुई बंद केली तर ती मरेल."

"रोज सकाळी माझ्या पोरीला मी टोचते, उत्तरा. तू नाही टोचत." रेखा खिडकीबाहेर पाहत राहिली. "तुलाही उलटी झालीच ना? मग? सांग की तुझ्या सायन्सला."

उत्तराने ब्रेकवरचा पाय काढला.

त्या आठवड्यात थंडी हाडांत उतरली. गिरीशला, म्हणजे रेखाच्या नवऱ्याला, उत्तराने दोनदा फोन केला. "यार, मी काय बोलू?" तो म्हणाला. "ती रडते. मी ड्राइव्ह करून ऑफिसला निघून जातो." फोन ठेवल्यावर उत्तराला राजमे करावेसे वाटले. बाहेर वारा घराला नखं लावत असताना आल्या-लसणाचा, जिऱ्या-धन्याचा वास स्वयंपाकघरात भरला की घर आपलं वाटतं. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या दुकानातून आणलेले राजमे भिजलेले होते. पण कुकरची रबरी रिंग तुटली. नवी मिळेपर्यंत म्हणून तिनेही स्लो कुकर काढला. चिरलेला कांदा, टोमॅटो, गोडा मसाला, चवीपुरता गूळ. कितीतरी तासांनी दाणे बोटाखाली दबू लागले. मटकीला एक वाफ पुरते. आपल्या हातांना तीच सवय. तिने मीठ पाहायला म्हणून चमचाभर उसळ उभ्याउभ्या खाल्ली.

आणि अंधारून येता येता ती सिंकवर ओणवी झाली.

तोच मरणप्राय मुरडा, तोच थंड घाम. पण या स्वयंपाकघरात ना महाराज होता, ना मंत्र, ना टाळ. होतं फक्त एक भांडं, झाकणाखाली शांतपणे श्वास घेणारं. ती फरशीवर बसून त्याच्याकडे पाहत राहिली. इतक्या ओळखीच्या वासाची तिला कधी भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेतला थर्मामीटर घरी आणला आणि त्या रश्शात बुडवला. पारा चढला, रेंगाळला, आणि उकळीच्या बऱ्याच खाली थबकला. कॉलेजच्या ग्रंथालयात उरलेलं उत्तर मिळालं. मग उरलेली उसळ तिने गॅसवर खळखळ उकळली, बराच वेळ उकळत ठेवली, आणि एक घास खाल्ला.

रात्र सरली. काही झालं नाही.

रविवारी सकाळी रेखाच्या घरी तळघरात चादरी अंथरण्याची गडबड होती. भांडं वर स्वयंपाकघरात ओट्यावर मंद गुरगुरत होतं. "मी बघते प्रसादाकडे," उत्तरा म्हणाली, आणि सगळी उसळ पातेल्यात ओतून शेजारी आपल्या घरी घेऊन गेली. नव्या रिंगचा कुकर तयार होता. थोडी उसळ मात्र तिने न उकळता स्टीलच्या डब्यात राखून ठेवली. परत आली तेव्हा मातीचं भांडं पुन्हा भरलेलं होतं, आणि कुणी काही पाहिलं नव्हतं.

दुपारी प्रसाद वाटला गेला. दीपासमोर ताम्हन होतं. त्यात इन्सुलिनच्या बाटल्या, हळदीकुंकू वाहिलेल्या.

"आय डोन्ट वॉन्ट इट," दीपा पुटपुटली.

"खा गं, बाळा," उत्तरा तिच्याजवळ बसली. "मावशी आहे ना." दीपाने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि घास घेतला.

भजन सुरू झालं. बादल्या वाट पाहत होत्या. एक भजन संपलं, दुसरं संपलं. गाणारे एकमेकांच्या चेहऱ्यांकडे चोरून पाहू लागले. महाराजांचा आवाज चढला. "येऊ द्या! अडवू नका!" कांचनकाकूंनी प्रामाणिकपणे पोट दाबून पाहिलं. त्यांना फक्त ढेकर आला. कुणीतरी फिस्सकन हसलं. खिडकीतला उजेड करडा झाला तरी एकही माणूस उठला नाही.

महाराजांनी टाळ खाली ठेवले. "या वास्तूत शिट्टी वाजली आहे!"

"या वास्तूत नाही, महाराज. माझ्या," उत्तरा उभी राहिली. "बाकी सगळं तेच आहे. तेच राजमे, तोच मसाला, मंत्रही तुमचाच. फक्त उकळले. मग पाप कुठं गेलं सगळ्यांचं?"

"उत्तरा!" रेखा किंचाळली.

उत्तराने डबा उघडून गादीसमोर ठेवला. "ही न उकळलेली. तुमच्या पद्धतीची. तुमच्या आत तर काहीच नाही ना? घ्या एक घास."

महाराज डब्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती, नुकतीच सिंकवर ओणवी झालेल्या बाईने ओळखावी तशी उत्तराने ओळखली. त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

"आमचा नैवेद्य वेगळा असतो," ते शेवटी म्हणाले. गादीमागे बसलेल्या शिष्याने चांदीच्या वाटीसाठी आणलेला थर्मास पोटाशी धरला.

"ते कॅनमधले बीन्स आहेत," दीपा अचानक म्हणाली. "आय सॉ हिम. त्या अंकलनी गराजमध्ये कॅन ओपन केला."

गिरीश जिना चढून गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात रिकामा डबा होता. लेबलवर लालबुंद राजम्यांचं चित्र. "यार महाराज," तो म्हणाला, "माझी मुलगी आहे ही."

मग उत्तराने सांगितलं, वर्गात सांगते तसं. लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. चांगली खळखळ उकळी आली की ते नष्ट होतं. कुकरच्या शिट्टीत तर हमखास. नुसत्या मंद आचेवर दाणा मऊ होतो, पण विष तसंच राहतं. चार-पाच दाणेही पुरतात. काही तासांत उलट्या, मग थकवा, मग आपोआप उतार. तो उतार म्हणजेच तुम्हाला वाटलेलं हलकेपण. कॅनमधले राजमे कारखान्यातच कडक शिजवलेले असतात, म्हणून चांदीची वाटी पवित्र.

महाराज गेले. बर्फात त्यांच्या गाडीच्या चाकांचा आवाज बराच वेळ घरघरत राहिला.

वाचकहो, या गोष्टीतली माणसं अडाणी नव्हती. त्यांच्या भिंतींवर पदव्या होत्या. पण पदवी भिंतीवर राहते आणि भय पोटात. भयाला उत्तर देणारा कुणीही भेटला की शहाणा माणूसही आपलं भांडं त्याच्या हाती देतो. म्हणून कुणी चमत्कार वाढला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: याच भांड्यातला, याच पळीने वाढलेला घास आधी तुम्ही घ्याल का? आणि एकदा, कुणाच्याही मंत्राविना, घरी करून पाहा.

तळघर रिकामं झालं तेव्हा रेखा ताम्हनापाशी बसली होती. तिने एक बाटली उचलली, पदराने तिच्यावरचं कुंकू पुसलं.

"मावशी," दीपाने रिकामी वाटी पुढे केली, "कॅन आय हॅव सम मोअर?"

"आधी सुई," रेखा म्हणाली. आणि उठली.